पेपरातली जाहिरात आणि भिंतीवरचं पोस्टर: साडीच्या दुकानासाठी काय काय पाळावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बडोद्याच्या दांडिया बाजारात काकांचं साड्यांचं दुकान आहे. गणपती ते दिवाळी या काळात एका गुजराती दैनिकात पाव पान जाहिरात द्यायची आहे आणि मराठी मंडळांच्या सभागृहांबाहेर पोस्टर लावायची आहेत. गेल्या वर्षी डिझायनरनं आधी पोस्टर केलं आणि तेच लहान करून पेपरला पाठवलं. पेपरात साडी काळवंडली, फोन नंबर वाचता आला नाही. आता विचारताय की पेपरच्या जाहिरातीचे आणि पोस्टरचे नियम नक्की कोणते.

बडोद्यात मी हेच काम करते, गुजराती आणि मराठी दोन्ही लिप्यांत, म्हणून जरा सविस्तर लिहिते. डिझायनर वाईट होता असं मला वाटत नाही. एकच फाइल दोन ठिकाणी पाठवली, तिथेच गाडी अडली. या धंद्यातले बहुतेक संकेत तीन गोष्टींतून आलेत: कागद, शाई आणि वाचणाऱ्याचं अंतर. या तिन्ही बाबतीत पेपर आणि पोस्टर यांचं काहीच जुळत नाही.

आधी साधं गणित बघा. आपल्याकडे चालणारं पोस्टर १८ बाय २३ इंचांचं, म्हणजे साधारण ४६ बाय ५८ सेंटिमीटर. मोठ्या आकाराच्या दैनिकात पाव पान म्हणजे सुमारे १६ बाय २५ सेंटिमीटर. पोस्टर १६ सेंटिमीटर रुंदीला आणलं की उंची जेमतेम २० सेंटिमीटर भरते. खाली साडेचार-पाच सेंटिमीटर पट्टा रिकामा राहतो. मग कुणीतरी डिझाइन उभं ताणतो आणि अक्षरं बारीक, उंच, विचित्र दिसायला लागतात. शिवाय सगळं जवळजवळ एकतृतीयांश होतं. पोस्टरवर पत्ता २० पॉइंटात असेल तर पेपरात तो ७ पॉइंटाचा झाला. गेल्या वर्षीचा फोन नंबर असाच गेला असणार. पेपर जागेचे पैसे चौरस सेंटिमीटरवर लावतो. तुम्ही ४०० चौरस सेंटिमीटरचं बिल भरलंत आणि त्यातली कामाची ओळच वाचकाला मिळाली नाही.

म्हणून काम उलट्या क्रमानं करा. पहिल्यांदा पेपरच्या जाहिरात विभागाकडून नेमकं माप लेखी घ्या. कॉलमची रुंदी प्रत्येक पेपरची वेगळी असते आणि अंदाजानं केलेली जाहिरात तिकडे कुणीतरी ताणून बसवतो. त्या मापात जाहिरात पूर्ण करा. पोस्टर त्यानंतर, स्वतंत्र पानावर, त्याच फोटोंनी आणि त्याच अक्षरांनी, पण मांडणी नव्यानं.

आता साडी काळी का पडली ते. पेपरचा कागद ४५ जीएसएमच्या (चौरस मीटरला इतके ग्रॅम) आसपासचा, कच्चा, शाई पिणारा. शाईचा ठिपका त्यावर पसरतो. फाइलमध्ये ५० टक्क्यांचा असलेला ठिपका पेपरात ७५ टक्क्यांच्या घरात जातो. पोस्टरच्या गुळगुळीत कागदावर, म्हणजे आर्ट पेपरवर, तो इतका फुगत नाही. मध्यम छटा सगळ्या गडद होतात, गडद छटा एकमेकींत मिसळतात आणि साडीच्या निऱ्या नाहीशा होतात. दुसरं कारण म्हणजे एकूण शाई. छपाईच्या चारही रंगांची (निळा, लाल, पिवळा, काळा) टक्केवारी मिळून आर्ट पेपरवर ३०० च्या पुढे चालते, पण पेपरात २४० च्या वर जाऊ नये, काही छापखाने त्याहून कमी मागतात. पोस्टरसाठी केलेला गडद जांभळा किंवा बाटली हिरवा तसाच पाठवला तर तो पेपरात चिखल होतो आणि मागच्या पानावरही उमटतो.

फोटोवर पेपरसाठी वेगळी मेहनत घ्यायला सांगा. मधल्या छटा उजळ करायच्या, सावल्या उघडायच्या, चेहऱ्यातला निळा कमी करायचा आणि धार पडद्यावर जरा जास्त वाटेल इतकी वाढवायची. पडद्यावर तो फोटो फिकट, थोडा करकरीत दिसेल. काकांना तो आवडणार नाही. त्यांना पेपरच्या कागदावर काढलेला नमुना दाखवा, पडद्यावरचा दाखवूच नका. फोटोचं रेझोल्यूशन छापायच्या मापाला २०० डीपीआय (इंचाला २०० ठिपके) असलं तरी पेपरला पुरतं, पोस्टरला ३०० हवं.

जरीचं एक सांगते, कारण साडीवाल्यांची तक्रार नेहमी तिथेच असते. चार रंगांत सोनेरी छापता येत नाही. पेपरात जरीचा रंग मोहरीसारखा होतो आणि शेजारी पिवळी पार्श्वभूमी असली तर पूर्ण मरतो. जरीची चमक दिसते ती तिच्या बाजूच्या गडद रंगामुळे. म्हणून पैठणी दाखवायची असेल तर उभी मॉडेल डोक्यापासून पायापर्यंत दाखवू नका. १६ सेंटिमीटरच्या जाहिरातीत त्या साडीचा पदर बोटाएवढा होतो. पदरावरचा एकच मोर घ्या, गडद जांभळ्या किंवा काळ्या काठासकट, आणि तो जाहिरातीच्या निम्म्या जागेत येऊ द्या. विणीचे धागे दिसले की गिऱ्हाईक स्वतःच ओळखतं की माल खरा आहे. मॉडेलचा पूर्ण फोटो पोस्टरवर ठेवा, तिथे तो शोभतो.

अक्षरांकडे येते. बडोद्यात हा विषय बाकी शहरांहून जास्त खोल आहे, कारण इथे एकाच चौकटीत गुजराती, देवनागरी आणि रोमन अशा तीन लिप्या नांदतात. गुजराती लिपी छापील रूपात पहिल्यांदा दिसली तीच मुळी एका जाहिरातीत, १७९७ साली. त्याआधी ती व्यापाऱ्यांच्या हिशेबाची, पत्रांची लिपी होती. शराफी, महाजनी अशीच तिची नावं होती. शिरोरेघ नसलेली, भराभर लिहायची. तुम्ही साडी विकायला जी लिपी वापरणार आहात ती वाढलीच दुकानाच्या गादीवर, हे मला फार आवडतं.

शिरोरेघ नसण्याचे परिणाम मात्र नीट समजून घ्या. एकाच मापात गुजराती आणि मराठी शेजारी ठेवली की गुजराती फिकी दिसते, कारण डोक्यावरची आडवी शाई तिच्यात नाही. तिला जाडीत एक पायरी वर न्या, मराठी मीडियम असेल तर गुजराती सेमीबोल्ड. गुजराती अक्षरांत अगदी थोडी मोकळीक देता येते. देवनागरीत अक्षरांमधलं अंतर वाढवायचं नाहीच, शिरोरेघ तुटते आणि शब्द दातपडका दिसतो. इंग्रजी जाहिराती बघून आलेली पोरं हे हमखास करतात. पसरट शीर्षक हवं असेल तर रुंद फॉन्ट निवडा. ‘अनेक’ या फॉन्टकुटुंबात देवनागरी, गुजराती आणि रोमन तिन्ही आहेत आणि रुंदी, जाडी दोन्ही बदलता येतात. साध्या मजकुराला देवनागरीत ‘हिंद’ आणि गुजरातीत त्याच घरातला ‘हिंद वडोदरा’ ही जोडी छान जमते. ‘मुक्त’ आणि त्याचा गुजराती भाऊ ‘मुक्त वाणी’ हीसुद्धा. हे सगळे मोफत मिळतात.

ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या हिशेबानं ठेवू नका. इंग्रजी मजकूर १२० टक्क्यांवर आरामात बसतो, आपल्या लिप्यांना १४० ते १५० लागतं. वरच्या ओळीतला उकार आणि खालच्या ओळीतला रफार किंवा वेलांटी एकमेकांत घुसतात. ‘खास दिवाळीसाठी नव्या कोऱ्या साड्या’ हे वाक्य दोन ओळींत घट्ट बसवून बघा आणि त्याच्यावर ‘लक्ष्मीपूजन’ टाका, म्हणजे कळेल. शीर्षक बसत नसेल तर शब्द कमी करा, ओळी आवळू नका. आणखी एक, ज्या मापात इंग्रजी मोठं दिसतं त्याच मापात देवनागरी लहान दिसते, कारण वर-खाली मात्रांना जागा सोडलेली असते. पेपरात पत्त्याची देवनागरी किंवा गुजराती ओळ ११ पॉइंटांच्या खाली जाऊ देऊ नका. काकांच्या वयाचे वाचक डोळ्यासमोर ठेवा, पेपर मन लावून वाचणारे तेच आहेत.

काळ्यावर पांढरी अक्षरं, ज्याला आम्ही रिव्हर्स म्हणतो, पेपरात जपून वापरा. चार रंगांच्या चार प्लेट एकमेकींवर केसाच्या अंतरानं जरी सरकल्या तरी पांढऱ्या रेषेत रंग घुसतो. देवनागरीत पहिला बळी शिरोरेघेचा, मग ष, थ, ध, भ यांच्या पोटातल्या मोकळ्या जागांचा. रिव्हर्स करायचंच असेल तर १४ पॉइंटांच्या वर, ठळक, आणि मागची पट्टी शक्यतो एकाच रंगाची, शुद्ध काळी. उलट बाजूनं, बारीक काळा मजकूर नेहमी फक्त काळ्या शाईत असावा. चारही रंगांतून बनलेला काळा पडद्यावर फरक दाखवत नाही, पेपरात मात्र प्रत्येक अक्षराला रंगीत सावली येते. तुमच्या फोन नंबरात ७ पॉइंटांबरोबर हेही झालं असण्याची शक्यता आहे. जुना अंक काढून भिंगाखाली बघा, कडेला निळी-लाल झालर दिसली तर तेच.

मराठी अक्षरांचं रूपही तपासा. बरेचसे फॉन्ट मुळात हिंदीच्या वळणाचे ल आणि श दाखवतात. चांगल्या फॉन्टमध्ये मराठी वळण आत दडलेलं असतं, सॉफ्टवेअरमध्ये त्या मजकुराची भाषा मराठी अशी निवडली की ते बाहेर येतं. इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये आपल्या लिप्या नीट जुळवणारा वर्ल्ड-रेडी कंपोझर चालू नसेल तर जोडाक्षरं सुटी पडतात. ‘दुसऱ्या’, ‘कोऱ्या’ यांतला अर्धा र हा सगळ्यात नाजूक. श्रीलिपी या जुन्या फॉन्टपद्धतीतला मजकूर युनिकोडमध्ये बदलताना नेमका तोच मोडतो. बडोद्यातल्या मराठी माणसाला आपली भाषा इथे नीट छापलेली बघायला मिळते ती मोजक्या ठिकाणी. तुमच्या पोस्टरवर ‘साडयांचे’ असं तुटकं छापलं गेलं तर तो दुकानाबद्दल काय ग्रह करून घेईल?

आता मांडणीतले संकेत. काही पाळावेत, काही सोडावेत असं माझं मत आहे.

संकेताची ताकद बघायची असेल तर गुजराती पेपरातलं बेसण्याच्या, म्हणजे शोकसभेच्या, जाहिरातींचं पान उघडा. वर फोटो, खाली नाव, मग तारीख-वेळ-स्थळ, शेवटी कुटुंबीयांची नावं. तिथे कुणी नवीन काही करायला जात नाही आणि जाऊही नये. लोक त्या पानावरून नुसती नजर फिरवतात आणि ओळखीचा चेहरा दिसला की वेळ-स्थळ जिथे असायला हवं तिथेच मिळतं. दुकानाच्या जाहिरातीतली खालची पट्टी याच जातीची आहे. दुकानाचं नाव, पत्ता, खूण, फोन, वेळ, सुट्टीचा वार. ही पट्टी तळाशीच असते, पूर्ण रुंदीची, साध्या अक्षरांत. डिझायनरला वेगळेपणा दाखवायचा असेल तर वरच्या जागेत दाखवू दे. पत्ता कोपऱ्यात तिरका लावू देऊ नका. पत्त्यात खूण आधी येऊ द्या, लकडी पुलाजवळ किंवा जे असेल ते, कारण इथे माणूस घर क्रमांकानं दुकान शोधत नाही. फोनचे दहा अंक पाच-पाचच्या दोन गटांत आणि रोमन आकड्यांत.

चौकट जरूर हवी. पेपरात तुमच्या शेजारी कोण येणार हे तुमच्या हातात नाही. एखाद्या कोचिंग क्लासची लालभडक जाहिरात चिकटून आली तर चौकटच तुम्हाला वेगळं ठेवते. पण चौकटीच्या आत सगळ्या बाजूंनी निदान अर्धा सेंटिमीटर कोरी जागा सोडा. दुकानदारांना कोरी जागा म्हणजे वाया गेलेले पैसे वाटतात. भरगच्च पानावर डोळा थांबतो तो नेमका त्या कोऱ्या जागेमुळे, हे त्यांना कालच्याच पेपरवर बोट ठेवून दाखवा.

‘सूट’ लिहिलेला तारा, फटाक्यासारखा फुटलेला, हा अगदी घासून गेलेला प्रकार आहे, तरी मी तो काढून टाका म्हणणार नाही. वाचकाला तो कळतो. मात्र एकच ठेवा. तीन तारे असले की कुठलीच सवलत खरी वाटत नाही. त्यात ‘५० टक्क्यांपर्यंत’ लिहिताना ‘पर्यंत’ मुंगीएवढं करू नका. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत २०२२ साली केंद्रानं जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यांत स्पष्ट आहे की खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि त्याच फॉन्टमध्ये असला पाहिजे. गुजराती दावा आणि खाली इंग्रजीत अटी, हे चालणार नाही. आणि कायद्याचं सोडा, काकांकडे तिसरी पिढी खरेदीला येत असेल तर त्या विश्वासापुढे तीन अक्षरांची जागा म्हणजे काहीच नाही.

कुपन देणार असाल तर ते जाहिरातीच्या तळाच्या कोपऱ्यात, पानाच्या बाहेरच्या कडेला येईल असं ठेवा, म्हणजे कात्रीनं सहज कापता येतं. क्यूआर कोड अडीच सेंटिमीटरपेक्षा लहान नको, पांढऱ्यावर काळा, शुद्ध काळ्या शाईत. त्यामागचा वेबपत्ता लहान असेल तर चौकोन कमी पडतात आणि पेपरच्या पसरट शाईतही तो उघडतो.

मजकुराबद्दल एवढंच म्हणेन की गुजराती आणि मराठी मजकूर स्वतंत्र लिहून घ्या, एकाचा दुसऱ्यात उतारा नको. दोन्हींकडे महिने अमावास्येला संपणारे, त्यामुळे तिथी जुळतात. पण कार्तिक शुद्ध प्रतिपदा गुजराती घरात नववर्ष असते आणि आपल्याकडे दिवाळीचा पाडवा, बायकोला ओवाळणी घालायचा दिवस. पेपरातल्या गुजराती जाहिरातीत नूतन वर्षाच्या शुभेच्छा आल्या तर ठीक. मराठी पोस्टरवर मात्र पाडव्याच्या ओवाळणीसाठी साडी हाच धागा धरा, तो आपोआप विकतो.

पोस्टर आता. पेपर माणूस हातात धरून वाचतो, हातभर अंतरावरून, चहा पीत. पोस्टर तो सभागृहाच्या पायऱ्या चढताना बघतो. साधा अंदाज असा की तीन मीटरवरून सहज वाचायचं तर अक्षर अडीच सेंटिमीटर उंच हवं. देवनागरीत ही उंची शिरोरेघेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजा, मात्रा धरू नका. हा हिशेब लावला की फोटोची जागा सोडून १८ बाय २३ इंचांच्या कागदावर लांबून वाचता येतील असे फार तर आठ-दहा शब्द बसतात. दुकानाचं नाव, प्रसंग आणि एक ओळ. पत्ता-फोन जवळ आल्यावर वाचायचा, तो खाली मध्यम मापात. साड्यांच्या प्रकारांची यादी पेपरात द्या, पोस्टरवर देऊ नका.

मराठी पोस्टरसाठी तुमच्याजवळ एक घरची परंपरा आहे, नाटकांच्या जाहिरातींची. मुंबई-पुण्याच्या पेपरांत एक-दोन कॉलमांच्या काळ्या-पांढऱ्या चौकोनात नाटकाचं नाव हेच चित्र असायचं. अक्षरकार कमल शेडगे यांनी हे काम असं केलं की नुसत्या अक्षरांच्या वळणावरून नाटक गंभीर की विनोदी ते कळावं. खाली वार, वेळ, नाट्यगृह एका ओळीत, संपलं. मंडळांच्या सभागृहात येणारी बडोद्याची मंडळी ही भाषा जाणतात. तुमच्या दुकानाचं नाव कुणा चांगल्या अक्षरकाराकडून हातानं काढून घ्या, काठासारखी शिरोरेघ असलेलं, आणि तेच पोस्टरवर मोठं लावा. इथल्या विद्यापीठाच्या फाइन आर्ट्स विभागातल्या विद्यार्थ्यांत सुलेखन मनापासून करणारी मुलं असतात, तिथे चौकशी करा आणि कामाचे रास्त पैसे द्या. ते अक्षर पुढे पिशवीवर, बिलावर, पाटीवर सगळीकडे चालेल. या सगळ्या खर्चात मी पहिला पैसा तिथे घालीन.

कागद १३० जीएसएमचा आर्ट पेपर पुरे, सभागृहाबाहेर ऊन लागत असेल तर मॅट घ्या, चकाकी वाचू देत नाही. शे-दीडशे प्रती असतील तर डिजिटल छपाई, हजाराच्या वर ऑफसेट. जिथे लावायची तिथल्या मंडळाची परवानगी घ्या आणि कार्यक्रम झाला की स्वतः काढून आणा.

पेपरला फाइल देताना पीडीएफ, सगळी अक्षरं आउटलाइन केलेली (म्हणजे फॉन्ट न लागणारे नुसते आकार), रंग सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या त्या चार रंगांत. अक्षरं आउटलाइन केल्यावर एकदा पूर्ण मजकूर मोठ्यानं वाचा, कारण नंतर चूक शोधणारा पुढे कुणी नाही. फाइल मुदतीच्या आदल्या दिवशी द्या म्हणजे माप चुकलं तर कळवायला त्यांना वेळ राहतो. रिलीज ऑर्डरमध्ये, म्हणजे जाहिरात छापायच्या लेखी मागणीत, तारीख, आवृत्ती, माप, रंगीत की कृष्णधवल आणि पान कोणतं हे लिहिलेलं असू द्या. उजव्या हाताचं पान मागा, वरच्या अर्ध्यात मिळालं तर उत्तम, पण त्यासाठी जादा दर सांगितला तर पाव पानासाठी मी तो देणार नाही. त्याऐवजी तेच पैसे दुसऱ्या दिवशीच्या दोन कॉलमी छोट्या जाहिरातीत घाला, तोच मोर, तेच नाव, तीच खालची पट्टी. छापून आलेल्या अंकाच्या दोन प्रती मागून घ्या आणि त्यांवर पेननं खुणा करून डिझायनरला द्या, दिवाळीच्या जाहिरातीआधी त्याला त्या हव्यातच.